ऑटिझम असलेल्या मुलासोबत पहिली सहल: दापोलीच्या किनाऱ्यावर तीन रात्री

ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच बाहेरगावी राहायला जायचं ठरवत असाल, तर 'तिथे काय काय बघायचं' ही यादी सध्या बाजूला ठेवा. आधी मुलाचा घरातला दिवस कागदावर उतरवा. किती वाजता उठतो, कोणत्या ताटलीत खातो, पंखा कितीवर लागतो, अंघोळ बादलीनं की शॉवरनं, कुठल्या संडासाची सवय आहे, झोपताना काय हातात लागतं. यातलं जेवढं सोबत नेता येईल तेवढं न्यायचं आणि त्यात दिवसाला एकच नवी गोष्ट घालायची. पुढचं सगळं या एका सूत्रावर आधारलेलं आहे.

नव्या गावात वास, आवाज, उजेड, पाण्याची चव, गादीचा स्पर्श हे सगळं एकाच वेळी बदलतं. ज्या मुलाला एका नव्या आवाजाशी जुळवून घ्यायलाच अर्धा तास लागतो, त्याच्यावर हे सगळं एकदम कोसळतं. त्याला सहल आवडत नाही असा निष्कर्ष आपण काढतो, पण खरं तर एका दिवसात मावण्यापेक्षा जास्त बदल त्याच्या वाट्याला आलेले असतात.

उदाहरणादाखल मी दापोलीजवळचा मुरुड-कर्देचा किनारा घेते. आमच्या लेकीला घेऊन आम्ही तिथे जातो, त्यामुळे बारीकसारीक सांगता येईल. पुण्या-मुंबईहून एका दिवसात पोचता येतं, किनारा लांबलचक आणि सपाट आहे आणि घरगुती मुक्काम सहज मिळतो. तुम्ही नागपूरचे असाल किंवा कोल्हापूरचे, तर जागा वेगळी निवडाल. पायऱ्या त्याच राहतील.

पायरी 1: तारीख

मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. कोकणात आणखी दोन काळ टाळायचे: गणपती आणि शिमगा. शिमग्यात पालख्या घरोघरी येतात, ढोल-ताशे रात्री उशिरापर्यंत वाजतात. एरवी हा सोहळा आवर्जून बघावा असाच आहे, पण आवाज सहन न होणाऱ्या मुलाच्या पहिल्या सहलीत नको. जानेवारी-फेब्रुवारीतले सोमवार ते गुरुवार उत्तम. हवा बरी असते, किनारा रिकामा असतो आणि घरमालकाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. शाळेचे चार-पाच दिवस बुडतील, बुडू द्या. गर्दी नसणं ही या सहलीची सगळ्यात मोठी सोय आहे आणि ती पैसे देऊन मिळत नाही.

तीन रात्री का? पहिला दिवस प्रवासात आणि ओळख होण्यात जातो. दुसऱ्या दिवशी मूल थोडं सैलावतं. तिसरा दिवस खरा त्याचा असतो. एका रात्रीच्या सहलीत मुलाला फक्त त्रासाचाच भाग भेटतो.

पायरी 2: मुक्कामाची जागा फोनवर पारखून घ्या

मोठ्या रिसॉर्टपेक्षा चार-पाच खोल्यांचं घरगुती ठिकाण बरं. रिसॉर्टमध्ये जेवणाच्या दालनात गोंगाट, संध्याकाळी स्पीकरवर गाणी आणि तरणतलाव. घरगुती ठिकाणी एकच काकू स्वयंपाक करतात आणि त्यांना तुम्ही सगळं समजावून सांगू शकता. बुकिंगच्या आधी फोन करा आणि न संकोचता विचारा:

- आवारात विहीर आहे का? तिला कठडा आणि जाळी आहे का?
- खोलीच्या दाराला आतून वरच्या बाजूला कडी आहे का? आवाराला फाटक आहे का, ते रात्री बंद होतं का?
- वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का?
- कुत्रा आहे का? मोकळा असतो की बांधलेला?
- त्या दिवसांत आसपास लग्न, जत्रा, सप्ताह काही आहे का?
- खोलीपासून पाणी किती पावलांवर आहे?

विहिरीचा प्रश्न मी मुद्दाम पहिला लिहिला. कोकणातल्या वाडीत विहीर असतेच आणि पाण्याची ओढ असलेल्या मुलाला ती पहिल्या पाच मिनिटांत सापडते. उत्तर समाधानकारक नसेल तर जागा कितीही सुंदर असली तरी दुसरी शोधा.

ऑटिझमबद्दल फोनवरच स्पष्ट सांगा. 'आमच्या मुलाला ऑटिझम आहे. तो बोलत नाही, कधी मोठ्यानं ओरडतो, कधी पळत सुटतो. त्याला अचानक हात लावलेला चालत नाही.' एवढं पुरतं. पलीकडचा माणूस अडखळला, तर ते घरी बसून कळलेलं बरं. बहुतेक ठिकाणी उलट 'घेऊन या हो, आमच्या पाहुण्यांतलाही एक आहे असा' हे ऐकायला मिळतं.

शेवटी त्यांना खोलीचा, न्हाणीघराचा आणि दारातून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेचा व्हिडिओ पाठवायला सांगा. तो पुढच्या पायरीला लागतो.

पायरी 3: मुलाला सांगणं

अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' ही पद्धत मांडली. आज आपल्याकडचे स्पेशल एज्युकेटर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही ती वापरतात. येणारा प्रसंग मुलाच्या बाजूनं, साध्या वाक्यांत आणि खऱ्या फोटोंसह सांगायचा. घरमालकाच्या व्हिडिओतून फोटो काढा आणि आठ-दहा पानांची छोटी वही करा. 'आपण गाडीतून जाणार. रस्ता लांब आहे. ही आपली खोली. हा माझा पलंग. माझी चादर इथे असेल. इथे समुद्र आहे. समुद्रावर जाताना मी बाबांचा हात धरतो. तीन रात्री झोपून आपण घरी येतो.'

घरी परत येण्याचं पान विसरू नका. मुलाला 'जायचं आहे' यापेक्षा 'परत यायचं आहे का' हा प्रश्न जास्त छळतो आणि तो विचारता येत नसेल तर तो वागण्यातून बाहेर पडतो. सोबत चार चौकटींचा कागद करा आणि रोज झोपताना एक चौकट खोडा.

किती दिवस आधी सांगायचं हे मुलावर आहे. काहींना पंधरा दिवस कॅलेंडरवर खुणा करायला आवडतं. काही मुलं तेवढे दिवस झोपतच नाहीत, त्यांना दोन दिवस आधी पुरे. शब्दांऐवजी चित्रांवर बोलणाऱ्या मुलांसाठी 'समुद्र', 'खोली', 'वाळू नको', 'घरी जायचं' ही चित्रं त्यांच्या बोलायच्या चित्रफलकात (बोर्डात) आधीच घाला. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं मोफत ॲप मराठीतही आहे. कुठलंही ॲप वापरलं तरी मुख्य पानांची छापील प्रत जवळ ठेवा, कारण वाळू आणि खारं पाणी टॅबला मानवत नाही.

पायरी 4: एक रात्र जवळपास

मुख्य सहलीच्या महिनाभर आधी एक रात्र मामाकडे, आजीकडे किंवा तासाभराच्या अंतरावर काढा. तीच बॅग, तीच चादर, तोच चौकटींचा कागद. झोप लागते का, दुसऱ्या संडासात जातो का, दुसऱ्याच्या घरचं पाणी पितो का, एवढंच बघायचं. झोप आलीच नाही, तर चादरीसोबत उशीही न्यायची की पंख्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लागेल, हे इथे कळतं.

पायरी 5: बॅग आणि कागद

औषधांचे दोन संच करा आणि ते दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. फिट्सचं औषध चालू असेल तर हे अगदीच सक्तीचं. सहलीसाठी म्हणून झोपेचं किंवा शांत करण्याचं नवं औषध तिथे जाऊन पहिल्यांदा देऊ नका. द्यायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून घरी आधी देऊन बघा. काही औषधांवर ऊन जास्त बाधतं, तेही विचारून घ्या.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर प्रक्रिया सुरू करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. रेल्वेत मात्र सवलतीच्या यादीत 'सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक दिव्यांग' असा गट आहे, त्यामुळे मुलाच्या प्रमाणपत्रावर काय नोंद आहे ते पाहूनच अर्ज करा. ती सवलत मिळाली तर सोबत्यालाही मिळते.

बाकी बॅगेत: घरची चादर, कान झाकणारे हेडफोन, टोपी, नेहमीची ताटली आणि पेला, चार्ज होणारा छोटा पंखा, दाराला लावायची, दार उघडताच वाजणारी चुंबकी घंटी, हातात फिरवायचं आवडतं खेळणं आणि तसंच दुसरं एक.

पायरी 6: प्रवास

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड असं गेलं की थांबे धरून पाच-सहा तास लागतात. घाटात उलटी होणारं मूल असेल तर निघताना पोट भरून खायला देऊ नका आणि घाट ओलांडेपर्यंत टॅबही नको. दाराचं आणि काचेचं चाइल्ड लॉक लावा. थांबे आधी ठरवून वहीत लिहा: 'पहिला थांबा, शू, बिस्कीट.' हायवेवरच्या फूड मॉलपेक्षा झाडाखालचा साधा थांबा बरा. मॉलच्या स्वच्छतागृहातला हात वाळवायच्या यंत्राचा आवाज कित्येक मुलांना असह्य होतो आणि मग ते मूल दिवसभर कुठल्याच संडासात पाऊल टाकत नाही.

रेल्वेनं जायचं तर खेडला उतरून दापोलीपर्यंत साधारण तीस किलोमीटर गाडी करावी लागते. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा आहे, चार किलोमीटरहून लांब. अंधार, दाब, घुमणारा आवाज. बोगद्यांचं पान वहीत आधीच घाला. आमची लेक बोगदा आला की हेडफोन लावते आणि बोटांनी मोजत बसते, तिला आता तेच आवडतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालतात. पहिल्या सहलीला तो काळ नकोच.

दुपारी उजेडात पोचा. अनोळखी घर रात्री पहिल्यांदा दिसू नये.

पायरी 7: पहिला दिवस फक्त खोली

पोचल्यावर सगळे समुद्राकडे धावतात. तुम्ही धावू नका. आधी एका मोठ्या माणसानं आत जाऊन घरची चादर घालायची, पंखा सुरू करायचा, खेळणं ठेवायचं, आणि मग मुलाला आत न्यायचं. त्याला खोलीत हवं तेवढं फिरू द्या, भिंतींना हात लावू द्या. तेवढ्यात दुसऱ्यानं आवार पायी फिरून बघायचं: फाटक, विहीर, मागचं दार, समुद्राकडची वाट. दाराला घंटी लावा. घरमालकाला आणि शेजारच्या खोलीतल्या लोकांना मुलाची ओळख करून द्या आणि सांगा, 'हा एकटा बाहेर दिसला तर ताबडतोब आम्हाला हाक मारा.'

संध्याकाळी ओसरीवरून लाटांचा आवाज ऐकला, तेवढी त्या दिवसाची नवी गोष्ट झाली.

पायरी 8: समुद्र

इथे मी थोडं सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या मुलांना पाणी ओढतं आणि त्यांना धोका कळेलच असं नाही. 2012 मध्ये 'पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ऑटिझम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी न सांगता निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. म्हणून नियम आधी, आनंद नंतर.

पहिला नियम: कुठल्याही क्षणी मुलावर लक्ष एकाच माणसाचं आणि ते माणूस कोण हे सगळ्यांना माहीत. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बदली करताना तोंडानं बोलायचं. 'आता तू.' 'हो, आता मी.' ज्याची पाळी आहे त्याच्या हातात फोन नाही.

दुसरा: कपडे भडक नारिंगी किंवा फ्लोरोसंट पिवळे. निळा रंग पाण्यात दिसत नाही. दोन मोबाइल नंबर लिहिलेला पट्टा मनगटावर, आणि तो सहन होत नसेल तर शर्टाच्या आतल्या बाजूला शिवलेली पट्टी. रोज सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढून ठेवा. फोनवर ठिकाण दाखवणाऱ्या टॅगवर एकट्यावर विसंबू नका, किनाऱ्यावर नेटवर्क येतं-जातं.

तिसरा: मूल दिसेनासं झालं तर पहिल्यांदा पाण्याकडे आणि विहिरीकडे धावायचं. खोली, गाडी, झाडी नंतर. लगेच घरमालकाला हाक मारायची आणि 112 वर फोन करायचा. गोव्याच्या मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, पण कोकणात तसं गृहीत धरू नका. गुडघ्याच्या वर पाणी जाणार असेल तर मापाचं लाइफ जॅकेट घरूनच न्या आणि तेही घरी घालून सवय करा.

वेळ कोणती? ओहोटीची. ओहोटीला वाळू ओली, कडक आणि सपाट असते, लाटा दूर असतात, धावायला जागा मिळते. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीवरून भरतीचा अंदाज सांगतात: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. अष्टमीला साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सहा-एक तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ घरमालकाला विचारा. भरती रोज जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे काल ज्या वेळी गेलो त्याच वेळी आज पाणी वेगळ्या ठिकाणी असेल. हे मुलाला आधी सांगायला हवं. काल जिथे बसून खेळला ती जागाच पाण्याखाली गेलेली पाहून आपलं मूल हादरू शकतं. वहीत दोन चित्रं काढा, 'पाणी जवळ' आणि 'पाणी लांब', आणि जाण्याआधी आज कुठलं आहे त्यावर बोट ठेवा.

वाळूचा स्पर्श नको असेल तर पायात रबरी बूट चालतील, चटईवर बसलेलंही चालेल. काही मुलं तीन दिवस फक्त ओल्या वाळूत एकच खड्डा खणतात. खणू द्या. ओरखडे असतील तर खारं पाणी झोंबतं, त्यामुळे आधी अंग तपासा. निघायची वेळ अचानक जाहीर करू नका. 'आणखी पाच लाटा, मग खोली' असं मोजून सांगितलं तर निघणं सोपं जातं.

पायरी 9: जेवण

मोजकेच पदार्थ खाणारं मूल सहलीत नवं काही खाईल ही आशा सोडा. घरची कणीक, घरचा तांदूळ आणि नेहमीच्याच कंपनीची बिस्किटं न्या. कोकणात पोळीऐवजी तांदळाची भाकरी मिळू शकते. काकूंना कणीक देऊन 'पोळी अशीच पातळ, तूप न लावता' असं सांगितलं तर त्या आनंदानं करतात. पाणी आठवणीनं न्या, निदान पहिल्या दिवसापुरतं. चव बदलली म्हणून पाणी बंद आणि मग उन्हात त्रास, हे अगदी सहज होतं. मासे तळल्याचा वास सहन होत नसेल तर मुलाचं ताट खोलीतच मागवा, सगळ्यांच्या आधी अर्धा तास.

आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्याशी घरीच बोलून ठेवा: 'थोडं चाखून बघ' हा आग्रह या तीन दिवसांत नको. त्यांना मायेनंच वाटतं, पण ताटावरचा ताण मुलाला पुढचा सगळा दिवस पुरतो.

पायरी 10: दिवसाची एक नवी गोष्ट

दापोलीच्या आसपास बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण निवड मुलाच्या कानानं आणि नाकानं करायची. हर्णैचा मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे, तिथला वास, ओरडा आणि धक्काबुक्की बघता पहिल्यांदा टाळाच. उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्याला गंधकाचा वास असतो. आसूदच्या केशवराजाच्या देवळाची वाट नारळी-पोफळीच्या बागांतून जाते, सावली आणि ओढ्याचा आवाज छान. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत. कोटजाई नदीकाठच्या पन्हाळेकाजीची 29 लेणी आडदिवशी जवळपास निर्मनुष्य असतात. आत गार, अंधुक, शांत. उजेडाचा त्रास होणाऱ्या मुलांना ती फार मानवतात. काहीच न बघता तिन्ही दिवस किनारा आणि खोली, हाही पूर्ण कार्यक्रम आहे.

बिनसलं तर

मेल्टडाउन आला, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला, की कमी बोला. समजावणं, प्रश्न विचारणं, 'बघ सगळे बघतायत' हे सगळं बंद. एकानं मुलासोबत राहायचं, दुसऱ्यानं लोकांना लांब ठेवायचं. सावलीतली गाडी, काचा वर, एसी सुरू, ही सगळ्यात हाताशी असलेली शांत खोली आहे, म्हणून गाडी नेहमी जवळ आणि निघता येईल अशी लावा. मूल शांत झाल्यावर रागावायचं नाही आणि राहिलेला कार्यक्रम पुरा करायचा नाही. दिवस तिथेच संपवा.

बघ्यांसाठी छोटी कार्डं छापून ठेवा: 'माझ्या मुलाला ऑटिझम आहे. त्याला आत्ता खूप त्रास होतोय. थोडी जागा आणि शांतता दिलीत तर मदत होईल. धन्यवाद.' त्या क्षणी बोलायची ताकद आपल्यातही उरलेली नसते. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथवरचा रस्ता पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

दुसरं भावंड असेल तर रोज किमान तासभर एका पालकानं फक्त त्याच्यासोबत बाहेर जायचं. लाटांत खेळायचं, आईस्क्रीम खायचं, मोठ्यानं हसायचं. त्याची सहलही सहलच आहे. तसाच तासभर आई-बाबांनीही आळीपाळीनं घ्या.

पुढे विमानानं जायचं ठरलं तर

तिकीट काढल्यावर निदान 48 तास आधी विमान कंपनीला कळवा आणि बुकिंगवर 'डीपीएनए' या कोडची नोंद मागा. बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या, मदत लागणाऱ्या प्रवाशांसाठी तो असतो. 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली, सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी आता दिल्ली आणि बेंगळुरूच्या विमानतळांवरही चालते. ती पाहून कर्मचाऱ्यांना न दिसणारं दिव्यांगत्व ओळखता येतं. तुमच्या विमानतळावर ती मिळते का, विचारा. सुरक्षा तपासणीत हेडफोन काढून ट्रेमध्ये ठेवावेच लागतात आणि हातातलं यंत्र अंगावरून फिरवलं जातं. या दोन्हींचा खेळ घरी करून ठेवा.

परत आल्यावर

दुसऱ्याच दिवशी शाळा नको, मध्ये एक रिकामा दिवस ठेवा. मग त्याच वहीत मागच्या पानांवर मुलाचे तिथले खरे फोटो चिकटवा आणि आधीचं 'जाणार' सगळीकडे 'गेलो' करा. काय चाललं आणि काय नाही हे आठवडाभरात लिहून काढा, नंतर आठवत नाही. घरमालकाला फोन करून आभार माना आणि खोलीचा क्रमांक टिपून घ्या. पुढच्या वर्षी तीच खोली, तीच चादर, तोच किनारा. 'परत तिथेच?' असं नातेवाईक विचारतील. हो, परत तिथेच. ओळखीच्या खोलीत मूल पहिल्याच संध्याकाळी निवांत झोपतं आणि एक अख्खा दिवस वाचतो. त्या वाचलेल्या दिवशी पन्हाळेकाजीला जा.